पॅटन नगर, दारव्हा रोड

“ताई, तुम्ही रणगाडा पाह्यला का कधी? हात लावून?”

सकाळी साडेआठला, हातात पिळलेली चादर असताना कोणी असं विचारलं तर माणूस काय उत्तर देणार? मी म्हटलं, “नाही काकाजी. काऊन, विकत घेतला का?”

“घेतच होते,” भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, “पण आपल्या फाटकातून आत येत नव्हता.”

आमच्या आणि काकाजींच्या घरांमध्ये छातीइतकी उंच भिंत आहे. नकाशात ती भिंत असेल, एरवी तो आमचा दोघींचा ओटा आहे. तिच्यावरून मुंगन्याच्या शेंगा इकडे येतात, सांबाराची जुडी तिकडे जाते (बाहेरच्यांनी गोंधळू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), आणि काकाजी गावाला जाऊन आले की पुढचे तीन-चार दिवस त्यांचं प्रवासवर्णन तिच्यावरूनच वाहतं. काकाजी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. उभी हयात बसखाली उताणी गेली. त्यामुळे ताजमहाल पाहून आले तरी सांगतात ते आग्र्याच्या टांग्याच्या कमानीबद्दल. काकू म्हणतात, “यायच्या डोळ्याले ग्रीस लागल्याशिवाय काही दिसत नाही.”

या खेपेला दोघं लेकीकडे नगरला आठ दिवस राहून आले होते.

“आता अहिल्यानगर म्हणाव लागते,” काकूंनी सुधारलं.

“तिकिटावर अहिल्यानगर. लेकीच्या फोनवर नगरच,” काकाजी म्हणाले. “तर ताई, तिथं लष्कराचं रणगाड्यायचं म्युझियम आहे. कॅव्हलरी टँक म्युझियम. पन्नासेक गाड्या ओळीनं उभ्या. इंग्रजांच्या, अमेरिकेच्या, जपानच्या, जर्मनीच्या, रशियाच्या, आपल्या. डोकंच फिरलं माह्यं.”

“माह्यं आधी फिरलं,” काकू म्हणाल्या. “मले शिर्डी अन् शिंगणापूर कराचं होतं. हे म्हणे देव यवतमाळातही आहे, रणगाडा आहे का? निघालो शनीले अन् भेटला शर्मन.”

शर्मन हा अमेरिकन रणगाडा. एका सेनापतीच्या नावाचा. हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मला वाटलं, जावयाचा कोणी मित्र भेटला असेल.

मी चादर दोरीवर टाकली आणि भिंतीला टेकले. दाळ गॅसवर होती, पण दाळीला अजून दोन शिट्ट्या बाकी होत्या.

काकाजींची सुरुवात नेहमीप्रमाणे वयापासून. गाडी कोणत्या सालची, हे कळल्याशिवाय ते गाडीकडे पाहत नाहीत. हे संग्रहालय १९९४ च्या फेब्रुवारीत उघडलं. चिलखती दलाची, म्हणजे रणगाडे चालवणाऱ्या पलटणींची शाळा नगरलाच आहे. तिनंच ते उभं केलं.

“अन् ताई, १९९४ म्हटल्यावर मले काय आठवलं असन?”

“काय?”

“आपली शकुंतला! यवतमाळ-मूर्तिजापूर. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरले १९२१ साली झालेलं. १९२३ पासून गाडी ओढत होतं. ते उतरवलं कधी? १९९४ च्या एप्रिलात. म्हणजे पाहा, त्यायनं फेब्रुवारीत जुनं लोखंड चबुतऱ्यावर चढवलं अन् दोन महिन्यानं आपण आपलं जुनं लोखंड रुळावरून खाली घेतलं.”

शकुंतलेचं नाव निघालं की काकाजी थोडा वेळ गप्प होतात. त्यांचं लग्न ठरवायला माणसं त्याच गाडीनं आली होती आणि गाडी इतकी हळू होती की काकूंच्या वडिलांना वाटेत दोनदा विचार बदलायला वेळ मिळाला, अशी काकूंची बाजू आहे.

“पण घोडा एकही नाही हो तिथं,” काकूंनी विषय पुन्हा नगरला आणला. “कॅव्हलरी म्हणजे घोडदळ न? मी घोडे पाहाले गेली.”

यावर काकाजींनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. या पलटणी मुळात घोडदळाच्या. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स अशी त्यांची नावं. घोडे गेले, रणगाडे आले, पण बोली तीच राहिली. पायदळात शिपाई असतो, इथे ‘सवार’. तिथे हवालदार, इथे ‘दफादार’. तिथे सुभेदार, इथे ‘रिसालदार’. चाळीस टनांच्या लोखंडात बसलेला पोरगाही कागदावर सवारच.

“म्हणजे यष्टीच्या ड्रायव्हरले गाडीवान म्हटल्यासारखं,” मी म्हटलं.

“त्याले म्हणून पाहा एखाद वेळी,” काकाजी म्हणाले.

मग ‘टँक’ या शब्दाची गंमत निघाली. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ही गाडी चोरून बनवली. कारखान्यातल्या कामगारांनाही पत्ता लागू नये म्हणून सांगितलं की आपण पाण्याच्या टाक्या बनवतोय. टाकी म्हणजे टँक. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर ती पहिल्यांदा समोर आली आणि नाव तेच चिकटलं.

“आता पुढचं ऐका. जावई कॉलेजात शिकवते, त्यानं सांगितलं. इंग्रजीतला हा टँक शब्द आला कुठून? तर इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशात त्याचं मूळ गुजरातीतल्या टांकीशी अन् आपल्या मराठीतल्या टाक्याशी जोडलं आहे. किल्ल्यावर पाण्याचं टाकं असते न, ते टाकं! आपला शब्द साता समुद्रापार गेला, तिथं पाण्याची टाकी झाला, मंग तोफ लावून परत आला.”

“अन् आपल्याकडं आला त टँकर होऊन,” काकू म्हणाल्या.

यवतमाळच्या माणसाला यावर हसू येतं तसं दुसऱ्या कोणाला येणार नाही. २०१८ चा उन्हाळा आम्ही काढला आहे. निळोणा आणि चापडोह, शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं तळाला गेली होती. गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला की बायका गुंड, बादल्या, डबे घेऊन ज्या चालीनं निघत, ती चाल कोणत्याही घोडदळाला शोभली असती. काकू तेव्हा याच भिंतीवरून पाइप पलीकडे घेत. आमच्या लेखी टँकमध्ये पाणीच असायला हवं.

“तसा आपला शब्द चांगला आहे, रणगाडा,” मी म्हटलं.

“आपल्याकडं त्याले रणबंडीच म्हणाव लागन,” काकाजी म्हणाले. बंडी म्हणजे आमची बैलगाडी. “अन् बंडीच आहे ते, ताई. बंडीचीच अडचण, बंडीचाच इलाज. चिखल.”

“हां,” काकू एकदम म्हणाल्या, “चिखलाचं सांगा. चांगलं सगळं सांगा.”

मला त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं लागलं, पण काकाजींनी तिकडे लक्षच दिलं नाही. ते जमिनीवर बसले आणि कडेच्या ओल्या मातीत काडीनं रेघोट्या ओढायला लागले. मी टाचा उंचावून भिंतीवरून डोकावत होते.

चाक जमिनीला टेकतं ते चार बोटं जागेवर. सगळा भार तिथे. आपल्या काळ्या मातीत जुलैत भरली बंडी घातली की चाक आसापर्यंत आत जातं ते याच्यामुळे. रणगाड्याला चाकं आहेतच, पण ती जमिनीवर चालत नाहीत. ती लोखंडी पट्ट्यावर चालतात. पट्टा म्हणजे हातभर रुंद पत्र्यांची साखळी, एका पत्र्यात दुसरा, मध्ये खिळी. सायकलची चेन आडवी रुंद करावी तशी. पोकलेनला असते तीच.

“गाडी आपला रस्ता आपणच पुढं आथरते,” काकाजी म्हणाले, “त्याच्यावरून जाते अन् मागून गुंडाळून घेते. चाळीस टन वजन, भरलेल्या तीन यष्ट्या समजा, पण पसरून जाते. मी त्या एका पट्ट्याची खिळी पाह्यली ताई. अंगठ्यापेक्षा जाड. अन् मधात झिजून लंबगोल झालेली. म्हणजे ती गाडी शोभेची नव्हती, कुठं कुठं फिरली असन. बोट फिरवलं त घासलेली जागा आरशासारखी गुळगुळीत लागली. मेकॅनिकले तेवढं पुरे असते.”

“अर्धा घंटा तिथंच बसले होते,” काकू म्हणाल्या. “लोकं फोटो काढून राह्यले त हे खिळीले हात लावून डोळे मिटून. मले वाटलं चक्कर आली.”

“अन् पट्टा असूनही खंदक लागला त? पहिल्या महायुद्धात सगळीकडं खंदकच खंदक. इतका रुंद खंदक आला की गाडीचं तोंडच खाली. मंग इंग्रजायनं काय केलं असन? १९१७ च्या नोव्हेंबरात, फ्रान्समधल्या कांब्रेच्या लढाईत?”

“काय?”

“पऱ्हाट्याची मोळी!”

मी हसले. पण ते खरंच आहे. काड्या-फांद्यांच्या जाडजूड मोळ्या साखळीनं आवळून रणगाड्यांच्या डोक्यावर बांधल्या होत्या. खंदक आला की मोळी त्यात ढकलायची आणि तिच्यावरून गाडी पार. आपल्याकडे रुतलेल्या चाकाखाली पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) किंवा तुराट्या घालतात, तीच अक्कल. लंडनहून आली काय आणि लोहाऱ्याहून निघाली काय.

“पऱ्हाट्या,” काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

दाळीची एक शिट्टी झाली.

मग काकाजींनी मला ओळीनं सगळ्या गाड्यांची भेट घडवली. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, सिल्व्हर घोस्ट जातीची. ज्या गाडीत राजे-महाराजे बसायचे, तिलाच पोलाद चढवून वर मशीनगनचा डेरा बसवलेला. चर्चिल नावाचा इंग्रजी रणगाडा, अंगानं आणि चालीनं नावाला शोभणारा. जपान्यांचा हा-गो, इतका लहान की काकाजींना वाटलं हे पिलू असेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपानी फौजा असल्याच गाड्या घेऊन आल्या होत्या.

“एकाचं नाव व्हॅलेंटाइन,” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं, हे बरं आहे, गुलाब द्या नाही त गोळा घाला.”

“अन् एक लोकस्ट. लोकस्ट म्हणजे टोळ.”

“इवलासा. विमानातून उतरवायचा म्हणून हलका केला. पण टोळाची धास्ती इवलेपणाची नसते न.” काकूंचं माहेर वर्धेकडचं. २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळधाड आली, तेव्हा त्यांचा भाऊ शेतात रात्रभर डबे बडवत होता. “नाव ठेवणाऱ्यानं टोळ पाह्यला असन, येवढं खरं.”

पण या सगळ्यांत काकूंना आवडला तो क्रॅब. तोही शर्मनच, पण त्याच्यापुढे दोन हातांवर एक आडवा रूळ बसवलेला आणि त्या रुळाला साखळ्याच साखळ्या लोंबणाऱ्या. रूळ गरगर फिरतो, साखळ्या जमिनीवर आपटतात आणि जमिनीत पुरलेले सुरुंग पुढच्या पुढे फुटतात. मागून पायदळ सुखरूप जातं.

“मी याइले म्हटलं, ही तुरीची झोडपणी आहे! खळ्यात आपण काठीनं झोडपतो, हे साखळीनं झोडपते. एवढ्या पन्नास गाड्यायमधी एकच गाडी मले घरची वाटली. बाकीच्या मारायले आल्या, ही वाट मोकळी कराले आली.”

काकाजींना घरची वाटलेली गाडी वेगळी होती. विजयंता. भारतात बनलेला पहिला रणगाडा. आराखडा इंग्रजांच्या व्हिकर्स कंपनीचा, पण कारखाना मद्रासजवळच्या आवडीचा. साठच्या दशकात गाड्या निघायला लागल्या आणि पुढे कितीतरी वर्षं त्या आपल्या फौजेचा कणा होत्या.

“त्याचं इंजिन कोणाचं आहे माहीत आहे का ताई? लेलँडचं!” काकाजी उभेच राहिले. “मी तीस वर्षं अशोक लेलँड उघडली. पुढं पाटी वाचली अन् अंगावर काटा आला. म्हटलं, अरे, हे त भाऊबंद निघाले. पण नुसतं नावाचं नातं. आत जग वेगळं. एका सिलिंडरमधी दोन पिस्टन, समोरासमोर. एक वरून येते, एक खालून, मधात डिझेल पेट घेते. दोघं परत मागं. आपल्या भिंतीवर आपण येतो तसं.”

“अन् भडका मधात,” काकू म्हणाल्या. “बरोबर आहे.”

आणि सेंच्युरियन या इंग्रजी रणगाड्याचं इंजिन त्याहून भारी. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानं ज्या मर्लिन इंजिनावर उडत होती, त्याचाच जमिनीवरचा भाऊ, मीटिअर. पेट्रोल पिणारा. “डेपो मॅनेजरनं ॲव्हरेज विचारला असता त हार्ट अटॅक आला असता,” असा काकाजींचा अभिप्राय.

“सगळं इंजिनाचंच सांगता. आतमधी माणसं बसते थे कधी सांगणार?” काकू म्हणाल्या.

काकाजींनी आत डोकावलं नव्हतं, पण बाहेरून मापं काढली होती. सेंच्युरियनमध्ये चौघं. पुढे खाली चालक. वर डेऱ्यात कमांडर, नेम धरणारा आणि गोळा भरणारा. जेवढी जागा बाहेरून दिसते तेवढी आत नाही, कारण भोवती जाडजूड पोलादच. उरलेल्या जागेत तोफेचं बूड, गोळे, रेडिओ, पाण्याचे डबे. खिडकी नाही. काचेच्या फटीतून दिसेल तेवढं जग. “मे महिन्यात आपल्या टिनाच्या खोलीत चुली पेटवून चार जणं बसवा अन् वरून कोणी दगड मारून राह्यला असं समजा,” काकू म्हणाल्या. “मी त्या सवाराच्या मायले हात जोडले.”

दुसरी शिट्टी झाली. मी आत जाऊन गॅस बंद केला आणि चहाचे तीन कप घेऊन परत आले, कारण आता काकाजी पॅटनपाशी पोचले होते आणि पॅटन उभ्याउभ्या ऐकायची गोष्ट नव्हे.

“१९६५,” काकाजींनी कप भिंतीवर ठेवला. “तेव्हा आपले मुख्यमंत्री कोण?”

हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात कोणालाही झोपेतून उठवून विचारावा. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक.

“अन् देशाचे संरक्षणमंत्री?”

“यशवंतराव चव्हाण.”

“आता तिसरा मराठी माणूस सांगा. लढाईतला.”

मी अडले. काकाजी खुलले. तिसरा माणूस अरुणकुमार वैद्य. पुढे १९८३ मध्ये सेनाप्रमुख झाले ते. ६५ साली ते लेफ्टनंट कर्नल होते आणि डेक्कन हॉर्सचे कमांडर. त्यांच्याकडे शर्मन. दुसऱ्या महायुद्धातली गाडी, म्हणजे वीस वर्षं जुनी. समोर पाकिस्तानकडे अमेरिकेनं दिलेले पॅटन. जाड कातडीचे, अंधारात पाहणारे.

“म्हणजे समोरून नवी कोरी व्होल्वो अन् आपली लाल डब्बा,” मी म्हटलं.

“बरोबर! अन् कुठं गाठ पडली? पंजाबात, खेमकरणजवळ. गावाचं नाव ऐका. असल उत्तर.”

“अस्सल?”

“असल. नावातच सगळं आलं.” काकाजींनी पुन्हा काडी घेतली. “८ ते १० सप्टेंबर. आपली फौज मागं सरकली अन् घोड्याच्या नालेसारखी गोल बसली. तीन बाजूनं आपण, मधात जागा रिकामी. शेतात ऊस उभा, माणसाच्या वर गेलेला. उसात जीपा, तोफा, शर्मन दबा धरून. अन् रात्री काय केलं? पाणी सोडलं! शेतात पाणी. सकाळी पॅटन आले त खाली सगळा चिखल.”

“चिखल,” काकू म्हणाल्या.

“पट्टा होता न त्याले,” मी म्हटलं. “आत्ताच त सांगितलं की पट्टा रुतत नाही.”

“पट्ट्यालेही हद्द आहे ताई. वजन पसरते म्हणजे उडून जात नाही. वरून कोरडी अन् खालून भिजलेली जमीन असली की पट्टाही आत जाते, अन् एकदा पोट टेकलं की मंग पट्टा नुसता फिरते. माणूस वळवाले जाते त बाजू समोर येते. पॅटनची छाती जाड, बगल पातळ. उसातून शर्मननं बगलेतच हाणलं. तिकडं ग्रेनेडियर्सचा अब्दुल हमीद, हवालदार, जीपवर तोफ घेऊन उसात लपला. एकामागून एक पॅटन उडवले अन् १० तारखेले स्वतः गेला. त्याले परमवीर. वैद्यायले महावीर चक्र. पाकिस्तानचे सत्त्याण्णव रणगाडे तिथं गेले, असा आपल्या फौजेचा आकडा आहे. जे हाती आले ते भिखीविंडले ओळीनं मांडून ठेवले. लोकं पाहाले गर्दी करत. त्या जागेले नाव पडलं, पॅटन नगर.”

नगरला त्या जातीचे पॅटन आहेत. काकाजींनी त्यातल्या एकाच्या पोटाखाली वाकून पाहिलं होतं. साठ वर्षांनी चिखल कसा राहील? पण पाहिलं.

“कितीही लोखंड लावा,” ते म्हणाले, “शेवटी मातीचं ऐकाव लागते. हे शेतकऱ्याले सांगाव लागत नाही, इंजिनियरले सांगाव लागते.”

नंतर त्यांनी फिलोराच्या लढाईचं सांगितलं. पूना हॉर्सचे कर्नल तारापोर, जखमी होऊनही मागे गेले नाहीत. १६ सप्टेंबर १९६५ ला पडले. मरणोत्तर परमवीर चक्र.

“त्याच पलटणीतला तो पोरगा,” काकूंनी कप खाली ठेवला. “त्याचं मी सांगते.”

काकाजी गप्प बसले. असं क्वचित होतं.

“अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा. एकवीस वर्षाचा. ७१ च्या जूनमधी अफसर झाला अन् शिकाले कुठं आला? नगरले. याच शाळेत. शिकणं चालू होतं अन् लढाई लागली, तसा शिक्षण अर्धं टाकून पलटणीत गेला. १६ डिसेंबरले बसंतरच्या लढाईत त्याच्या सेंच्युरियनले आग लागली. वायरलेसवर वरून सांगत होते, उतर. तो म्हणे माही तोफ चालू आहे. उतरला नाही. त्याच दिवशी तिकडं ढाक्यात पाकिस्ताननं हत्यार टाकलं.”

त्याची पलटण ज्या ब्रिगेडमध्ये लढत होती, तिचे कमांडर अरुणकुमार वैद्यच होते. खेत्रपालच्या त्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता. तो नगरच्याच लष्करी केंद्रात जपून ठेवला आहे.

“म्हणजे पोरगा इथून गेला,” काकू म्हणाल्या, “अन् गाडी इथं आली.”

भिंतीवरून कोणी काही बोललं नाही. मुंगन्याच्या झाडावर चिमण्यांचा कालवा चालू होता.

“अन् त्याचे वडील, तेही फौजेतलेच, ब्रिगेडियर. ८१ वर्षाचे असतानी, २००१ साली, पाकिस्तानात आपलं जन्मगाव पाहाले गेले. लाहोरले ज्याच्या घरी उतरले तोही रिटायर ब्रिगेडियर. मोठी सरबराई केली. अन् निघायच्या आदल्या रात्री त्यानं सांगितलं, तुमचा मुलगा माह्याच हातून गेला. जावयानं हे सांगितलं तेव्हा आम्ही त्या गाड्यायच्या ओळीत उभे होतो. मंग मले पाट्या वाचाची इच्छाच राह्यली नाही. मी बाकावर जाऊन बसली.”

“मी पण बसलो,” काकाजी म्हणाले.

“तुम्ही कुठं बसले? तुम्ही क्रॅबच्या साखळ्या मोजून राह्यले होते.”

“बसूनच मोजत होतो.”

चहा निवला होता. मी कप उचलायला लागले, तेवढ्यात काकूंनी माझा हात धरला.

“जाऊ नका, ताई. यायनं तुम्हाले चिखलाचं सगळं नाही सांगितलं.”

“जाऊ दे न आता,” काकाजी म्हणाले आणि त्यांना अचानक नळाची आठवण झाली.

“येताना जावयानं गाडीनं सोडलं. नवी गाडी, उंच, मोठ्या चाकाची. समृद्धीवरून कारंजा, कारंज्यावरून दारव्हा. रस्ताभर यायची कथा: पट्टा, चाक, भार, चिखल. दारव्हा सोडलं त म्हणे, चला, जावयाले शेत दाखवतो. मी म्हटलं, रात्री पाणी पडलं आहे, धुऱ्यावर गाडी घालू नका. त हे म्हणे, वरून कोरडं आहे, मले कळते. वीस पावलं गेली नाही गाडी. चारही चाकं आत. जावई रेस देते, चिखल मागं उडते, अन् मागं ढकलाले उभे कोण?”

काकाजी नळापाशी पाठमोरे होते. नळाला पाणी नव्हतं. आमच्याकडे तो दिवस नळाचा नव्हताच.

“नखशिखांत,” काकू म्हणाल्या. “नुसते डोळे दिसत होते. मंग शेजारच्या वावरातला एक बंडीवाला आला. पोळा आठ दिवसावर, बैलं चांगले पोसलेले. त्यानं गाडीकडं पाह्यलं, याइच्याकडं पाह्यलं. काही बोलला नाही बिचारा. बंडीतून पऱ्हाट्याची मोळी काढली, चाकाखाली घातली, बैलं जुंपले अन् दोन हिसड्यात गाडी बाहेर. मी त्याले पैसे देत होती, त नको म्हणे. म्हणे, बाई, यायले फक्त सांगजा, पावसाळ्यात बंडी बरी.”

“इंग्रजायनं १९१७ साली हेच केलं होतं,” काकाजी नळाशी बोलले.

“हो. पण इंग्रजायची बायको मागच्या सीटवर बसून नव्हती.”

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. मी कोणालाच सांगितली नाही. फक्त आमच्या ह्यांना सांगितली, आणि दूधवाल्याला, आणि समोरच्या वहिनींना, कारण त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी काकाजींच्या फाटकावर कोणीतरी खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: पॅटन नगर. अक्षर पोट्ट्यांचं वाटत होतं, पण शुद्धलेखन अचूक होतं, आणि गल्लीत एवढं शुद्ध लिहिणाऱ्या एकट्या काकूच.

काकाजींनी ते पुसलं नाही. पाऊस आला तेव्हा आपोआप गेलं.